आजोळचं घर भिंतीवर काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या आजोळच्या घराचा १९८०च्या दशकातला एकच रंगीत फोटो उरला आहे, ५ बाय साडेतीन इंचांचा. घर आता पडलं आहे. आजी तुमच्याजवळ पुण्यात राहतात. त्यांच्या डोळ्यांसमोर असावं म्हणून हॉलच्या ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच भिंतीवर ते घर स्वतःच्या हातानं रंगवायचं मनात आहे. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, त्यानंतर ब्रश धरलेला नाही. फोटो भिंतीएवढा कसा करायचा, रंग कोणते घ्यायचे, आणि हे जमेल का?

जमेल. मी सव्वीस वर्षं भिंती रंगवतो आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या ‘बोलक्या भिंती’ करता करता हात बसला, मग अंगणवाड्या, दवाखाने, घरं. लोकांनी घरच्या घरी रंगवलेली आणि नंतर दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेली चित्रंही बरीच पाहिली. हात कच्चा म्हणून बिघडलेलं चित्र त्यांत क्वचित असतं. बहुतेक वेळा भिंत ओली असते, नाहीतर काहीच न ठरवता फोटोच्या डाव्या कोपऱ्यापासून उतरवायला सुरुवात केलेली असते. फोटो आपण हातभर अंतरावरून बघतो. भिंत दहा फुटांवरून बघतो, आणि तीही रोज, येताजाता. हातातल्या फोटोत कौल न कौल मोजता येतं याचा आनंद होतो. तेच भिंतीवर उतरवलं की डोळ्यांना टोचायला लागतं. फोटोतलं काय भिंतीवर न्यायचं आणि काय फोटोतच राहू द्यायचं, हे ठरवण्यात निम्मं काम आहे. इंटरमिजिएटसाठी केलेलं स्मरणचित्र आणि कर्तव्यभूमिती, दोन्ही तुमच्या कामी येणार आहेत.

आधी भिंत बघू. तिच्या पलीकडे काय आहे? बाथरूम, मोरी किंवा पावसाचा मारा घेणारी बाहेरची बाजू असेल तर रंगांच्या दुकानात जायच्या आधी ओलीची परीक्षा करा. दीड फूट बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. काढताना आतल्या बाजूला थेंब किंवा दमटपणा दिसला तर पाणी भिंतीतून येतं आहे. असं खाली, मध्ये आणि वर, तीन ठिकाणी करा. मी एका बंगल्यात ही परीक्षा न करता ऑगस्टमध्ये काम धरलं होतं. मालकांना गणपतीच्या आधी चित्र हवं होतं आणि मला नाही म्हणता आलं नाही. दिवाळीपर्यंत आकाशाला फुगे आले, फुगे फुटून पोपडे निघाले आणि खालून पांढरा खार वर आला. मागे बाथरूमचा नळ आतल्या आत झिरपत होता. सगळं खरवडून, नळ दुरुस्त करून, भिंत वाळवून मी ते चित्र पुन्हा काढून दिलं, आणि तेव्हापासून प्लास्टिकचा तुकडा माझ्या पिशवीत असतो. लोणा लागलेल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग मारून पुढं जाऊ नका; पाणी जिथून येतं ते आधी थांबवायला हवं. पुण्यात या कामाला दिवाळी ते होळी हा सगळ्यात चांगला काळ. पावसाळ्यात भिंत वरून कोरडी वाटली तरी आत ओल धरून असते.

भिंत कोरडी निघाली तर आधीचा रंग तपासा. काळा किंवा गडद निळा कपडा किंचित ओला करून भिंतीवर जोरात घासा. भुकटी आली तर खाली जुनं डिस्टेंपर आहे आणि ते खरवडावंच लागेल, कारण भुकटीवर बसलेला रंग भुकटीबरोबरच निघतो. भुकटी आली नाही तर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला नाही म्हणजे भिंत तयार आहे. १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून, ओल्या फडक्यानं पुसून पुढं जा. खिळ्यांची भोकं आणि भेगा पुट्टीनं भरा, वाळल्यावर घासा, त्या जागी प्रायमर लावा. इमारत जुनी असेल आणि भिंतीवर ऑइल पेंटचा थर असेल तर एक काळजी घ्या. घरगुती रंगांतल्या शिशाला आपल्याकडे दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, पाणी मारून घासा, मास्क लावा, आणि त्या दिवशी आजींना आणि मुलांना दुसऱ्या खोलीत बसवा.

हे सगळं कंटाळवाणं वाटेल. पण अजिंठ्याच्या चित्रकारांनीही रंगाला हात लावायच्या आधी खडकावर तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेल्या मातीचे लेप दिले, घोटले, वर चुन्याचा पातळ थर दिला. चित्र टिकतं ते पहिल्यांदा त्याच्या खालच्या थरामुळे.

आता आकार. पूर्ण भिंत भरायचा मोह आवरा. तुमच्या भिंतीला ९ फूट बाय ६ फुटांचं चित्र शोभेल. दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळा राहील. खाली अडीच फूट सोडा, म्हणजे सोफ्याची किंवा दिवाणाची पाठ चित्रावर येणार नाही. वर फूटभर उरेल. खालच्या भागात स्विचबोर्ड असेल तर तोही बहुधा चित्राबाहेर राहील.

फोटो चांगल्या दुकानातून स्कॅन करून घ्या. ५ बाय साडेतीनचं प्रमाण भिंतीच्या ९ बाय ६ शी तंतोतंत जुळत नाही. उंचीतून साधारण १७ शतांश इंच कापावा लागेल. तो आकाशातून कापा, अंगणातून नको. मग तो १२ बाय ८ इंचांत छापून घ्या, दोन प्रती, एक रंगीत आणि एक काळीपांढरी. आता हिशेब फार सोपा होतो: कागदावरचा एक इंच म्हणजे भिंतीवरचे नऊ इंच.

काळ्यापांढऱ्या प्रतीवर एक काम करा, आणि ते घाईनं करू नका. डोळे अर्धवट मिटून बघा. बारकावे विरघळतात आणि पाच-सहा मोठे आकार उरतात: आकाशाचा फिका तुकडा, मागच्या झाडांचा गडद ढीग, छपराचं उतरतं पाखं, वळचणीखालची काळोखी पडवी, उजळ अंगण. हे आकार ट्रेसिंग पेपरवर नुसत्या बाह्यरेषेनं उतरवा आणि पेन्सिलनं फक्त तीन छटांत भरा, फिकी, मधली, गडद. एवढ्यात घर ओळखू आलं तर चित्र भिंतीवरही उभं राहील. ओळखू आलं नाही तर फोटोचा कोणता भाग घर सांगतो आणि कोणता नुसती गर्दी करतो, हे अजून ठरायचं आहे. विजेचा खांब, तारा, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यात अर्धवट आलेली कुणाची सायकल: यातलं आजींना हवं तेवढं ठेवा, बाकीचं गाळा.

रंगीत फोटोवर मात्र विश्वास टाकू नका. त्या काळातले रंगीत फोटो अल्बममध्ये अंधारात राहिले तरी त्यांतला निळसर रंग आधी उडत जातो आणि सगळ्यावर तांबूस झाक येते. तुमच्या फोटोत अंगण गुलाबी आणि माड तपकिरी दिसत असतील तर कारण हेच आहे. संगणकावर तांबूसपणा कमी करता येतो, पण खरा उपाय घरात बसलेला आहे. एक दिवस आजींच्या शेजारी बसा आणि विचारा. दारांना कोणता रंग होता? भिंती चिऱ्याच्या उघड्या होत्या की चुन्यानं सारवलेल्या? कौलं मंगलोरी होती की नळ्याची? ऊन सकाळी ओटीवर यायचं की संध्याकाळी? फणस घराच्या कुठल्या अंगाला होता? तुळशीवृंदावन फोटोत अर्धंच आलं आहे, ते पूर्ण कसं होतं? आठवणीत राहिलेला रंग कदाचित खऱ्यापेक्षा थोडा गडद असेल. हरकत नाही, हे चित्र त्यांच्यासाठीच आहे. माझ्या एका विद्यार्थिनीनं असंच विचारलं तेव्हा कळलं, फोटोत करडा दिसणारा दरवाजा मोरपिशी होता. तिनं तो मोरपिशी रंगवला आणि येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथं जाते.

चौकोनांची आखणी. छापलेल्या प्रतीवर एकेक इंचाचे चौकोन आखा: आडवे १२, उभे ८, एकूण ९६. भिंतीवर नऊ-नऊ इंचांचे तेवढेच चौकोन. सिनेमाची प्रचंड पोस्टरं हातानं रंगवणारे मुंबईचे पेंटरही चौकोन पाडूनच चेहरे मोठे करत. घरी आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके चुकले की रेषा कितीही सुंदर असली तरी कमळ वाकडं येतं. म्हणून चौकट काटकोनात आहे ना, हे नीट तपासा. छत आणि फरशी सरळ असतील असं धरून चालू नका. उभ्या रेषेसाठी ओळंबा सोडा. कोपऱ्यात एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ९ बाय ६ च्या चौकटीत प्रत्येक कर्ण १० फूट पावणेदहा इंचांच्या आसपास येईल, आणि दोन्ही सारखे आले पाहिजेत.

आखणीच्या आधी चौकटीच्या कडेनं मास्किंग टेप लावून आतला भाग मातकट पिवळ्या रंगानं, पांढऱ्या इमल्शनमध्ये यलो ऑक्साइडचं स्टेनर (छटा देण्यासाठी मिसळायचा घट्ट रंग) घालून, रंगवून घ्या. याचे दोन फायदे. या मधल्या छटेवर उजेड आणि अंधार दोन्ही लगेच कळतात, आणि कुठं ब्रश पोचला नाही तरी पांढरं टिकल्यासारखं चमकत नाही; कोकणातल्या दुपारचं ऊनच खालून डोकावतं. शिवाय पांढरा खडू त्यावर स्पष्ट दिसतो. शिसपेन्सिल भिंतीवर वापरू नका, ती फिक्या रंगातून वर येत राहते आणि पुसायला गेलात की काळपट डाग पडतो. गवंड्यांचं निळ्या भुकटीचं सूतही नको. साध्या सुताला पांढऱ्या खडूची भुकटी चोळून सूत मारा, रेषा ओल्या स्पंजानं पुसून जातात.

चौकोनांना वर आकडे आणि बाजूला अक्षरं द्या. पण एकेक चौकोन पूर्ण करत जाऊ नका. आधी सगळ्यात लांब रेषा घ्या: छपराचा माथा, वळचण, जोतं, गडगा (दगडी कुंपण), अंगणाची कड. रेषा प्रत्येक चौकोनाची बाजू कुठं कापते तेवढी खूण करा आणि मग हात मोकळा सोडून खुणा जोडा. दर दहा-पंधरा मिनिटांनी मागं जा, भिंतीपासून दहा फूट. मोबाइलवर फोटो काढून तो आरशात दिसतो तसा उलटा करून बघितला की वाकडेपणा चटकन कळतो.

प्रोजेक्टर मिळाला तर चालेल का? चालेल. पण त्याचं भिंग भिंतीला अगदी समोरासमोर हवं, नाहीतर घर एका बाजूला रुंद होतं. आणि प्रोजेक्टरवर माणूस सगळंच उतरवून घेतो, नको तेही. पहिल्यांदा करताना चौकोनांनी डोळा जास्त तयार होतो, असं माझं मत आहे.

घर असल्यामुळे एक गोष्ट सांभाळावी लागेल, ती म्हणजे यथार्थदर्शन, लांब जाणाऱ्या रेषा जवळ येत जाताना दिसतात तो नियम. छापील प्रत मोठ्या वर्तमानपत्रावर चिकटवा आणि वळचणीची रेघ, जोत्याची रेघ पट्टीनं पुढं वाढवत न्या. दोन्ही कुठंतरी भेटतील, बहुधा फोटोच्या बाहेर. जिथं भेटतील त्या उंचीवर फोटो काढणाऱ्याचे डोळे होते. ही डोळ्यांची रेघ तुमच्या चित्रात खालून दोन फुटांवर आली तर जमिनीपासून साडेचार फुटांवर पडेल, म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या थोडी वर आणि उभ्या माणसाच्या थोडी खाली. यापेक्षा चांगली जागा नाही. बघणारा थेट अंगणात उभा राहतो. ती फार वर येत असेल तर चौकट काही इंच खाली घ्या. रेषा भेटण्याचा बिंदू भिंतीवरच येत असेल तर तिथं बारीक खिळा ठोकून सूत बांधा आणि छपराच्या, दारांच्या, जोत्याच्या त्या दिशेनं जाणाऱ्या सगळ्या आडव्या रेघा त्या सुतानं ताडून बघा. कॅमेरा वर झुकवून फोटो काढलेला असेल तर खांब आत झुकलेले दिसतील. ते भिंतीवर तसेच उतरवू नका, ओळंब्यानं सरळ करा. फोटोत डोळा ते माफ करतो. नऊ फुटांच्या भिंतीवर तेच खांब पडायला आल्यासारखे वाटतात.

रंग. आतल्या भिंतीसाठी पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक इमल्शन, मॅट. चमकणारा रंग घेतलात तर संध्याकाळी ट्यूबलाइटचा पट्टा नेमका छपरावर चमकेल. चित्राचं क्षेत्रफळ ५४ चौरस फूट आहे. एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट जातं, त्यामुळे फार रंग लागत नाही. दोन लिटर पांढरं घ्या. गडद रंग मात्र पांढऱ्यात स्टेनर ओतून होत नाहीत, कितीही ओतलं तरी ते फिकेच राहतात, आणि स्टेनर प्रमाणाबाहेर गेलं की रंग नीट वाळत नाही, हाताला लागत राहतो. म्हणून एक गडद हिरवा आणि एक गडद विटकरी तपकिरी दुकानातल्या मशीनवर एकेक लिटर करून आणा. त्याशिवाय स्टेनरमध्ये यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड, निळा, काळा; आणि बारीक कामासाठी अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), पिवळा, पांढरा. पोस्टर कलर भिंतीवर नको, ओलं फडकं लागलं की ते उठतात. प्रशियन ब्लू टाळा. सिमेंट आणि चुन्याच्या क्षारापुढं तो निळा टिकत नाही. मातीचे रंग, म्हणजे गेरूच्या आणि पिवळ्या मातीच्या जातीचे ऑक्साइड, उन्हात वर्षानुवर्षं तसेच राहतात. तुमचं सुदैव असं की कोकणातलं घर मुळातच या रंगांचं आहे.

इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर एक छटा गडद होतं. प्रत्येक मिश्रण आधी पुठ्ठ्यावर लावून वाळवा, आणि तो पुठ्ठा भिंतीवर धरून बघा. हॉलमध्ये संध्याकाळी पिवळा दिवा लागत असेल तर त्या उजेडातही बघा. दिवसा बरोबर वाटलेला हिरवा पिवळ्या दिव्याखाली पार मातकट होतो.

रंगवायचं मागून पुढं आणि वरून खाली. आकाश पहिलं. तीन वाट्यांत तीन निळे करा, वरचा गडद, खाली जवळजवळ पांढरा आणि किंचित पिवळसर. पंखा बंद ठेवा. वरून खाली पट्टे मारत या आणि दोन पट्ट्यांची शीव ओली आहे तोवरच रुंद, किंचित ओलसर ब्रशनं आडवी फिरवा. शीव वाळली तर तिथंच घोटत बसू नका; सगळं वाळू द्या आणि दुसरा हात मारा. दूरचा डोंगर असेल तर तो निळसर आणि फिका. घाटातून उतरताना सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक कशा फिकट होत जातात ते तुम्ही पाहिलं असेलच. ते हवेचं काम आहे, आणि भिंतीवर अंतर दाखवायचं तेवढं एकच साधन पुरतं.

झाडांत पानं मोजू नका. मागच्या आगराचा पूर्ण ढीग एकाच गडद हिरव्यात भरा. त्यात थोडा विटकरी रंग मिसळलात तर तो मशीनचा हिरवा राहत नाही, झाडाचा होतो. मग झिजून फाकलेल्या जुन्या ब्रशनं किंवा फाडलेल्या स्पंजानं मधला हिरवा, आणि जिथं ऊन पडतं तेवढ्याच बाजूला पिवळसर हिरवा. फणसाचा आकार गोल, जड, खालपर्यंत काळोखा. माडाचं वेगळं: झावळीची शीर आधी एका झोकात काढा, मग शिरेपासून बाहेर आणि खाली फटकारे मारा. सगळ्या झावळ्या सारख्या उघडू नका. एखादी सुकून खाली लोंबणारी काढली की तो माड खरा वाटायला लागतो. पोफळी सरळ, बारीक, जवळजवळ आणि नेहमी घोळक्यात.

आता छप्पर. तुमच्या फोटोतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात फसवा भाग हाच आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका चित्रात सहाशेच्या वर कौलं एकेक करून काढली होती. चार दिवस गेले. पूर्ण झाल्यावर मालकीणबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, छप्पर जाळीसारखं दिसतंय. त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून मी असं करतो: पूर्ण पाखं एका मधल्या विटकरी रंगात भरायचं. वाळायच्या आधी माथ्याकडे थोडा पांढरा-पिवळा मिसळून उजळ करायचं, वळचणीकडे थोडं गडद. वाळल्यावर कौलांच्या फक्त आडव्या ओळी, बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन घालून केलेल्या गडद रंगानं, हलक्या आणि मधूनच तुटणाऱ्या रेषेत. या ओळी वळचणीची रेघ ज्या बिंदूकडे जाते त्याच बिंदूकडे जातात, आणि माथ्याकडे जाताना त्यांच्यातलं अंतर किंचित कमी होत जातं. मग तीन-चार ठिकाणीच, जिथं नजर जाते तिथं, म्हणजे वळचणीच्या कडेला आणि माथ्यावर, कौलांचे आकार स्पष्ट काढायचे. बाकीच्या जागी मधूनच एखादं कौल काळपट, एखादं शेवाळलेलं, दोन-तीन नव्यानं बदललेली म्हणून लालभडक. पाऊस खाल्लेलं कोकणी छप्पर कधीच एकरंगी नसतं. दहा फुटांवरून बघणारा उरलेली सगळी कौलं स्वतःच बसवून घेतो.

वळचणीखालची सावली जपा. पडवी आणि तिच्या आतला दरवाजा चित्रातली सगळ्यात गडद जागा असू दे. काळा थेट डब्यातून लावू नका, तिथं भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. अंबर आणि अल्ट्रामरीनचा गडद घ्या, त्यात दाराची चौकट जेमतेम कळेल एवढीच. या अंधारामुळेच बाहेरचं अंगण उन्हात असल्याचं पटतं. चिऱ्याच्या भिंतीला रेड ऑक्साइड, यलो ऑक्साइड, पांढरा आणि नखभर निळा. चिऱ्यांचे सांधे सगळीकडे नकोत, कोपऱ्यात आणि दाराजवळ पुरेत. सारवलेल्या अंगणाला हिरवट करडा, त्यावर झाडांच्या सावल्या आडव्या टाका.

ओट्यावर आजोबा बसलेले आहेत, असं तुम्ही लिहिलं आहे, आणि त्यांचीच तुम्हाला जास्त भीती वाटते. छापील प्रतीत ते इंचभर असतील तर भिंतीवर नऊ इंच होतील, म्हणजे चेहरा जेमतेम दीड-दोन इंचांचा. एवढ्या चेहऱ्यात डोळे, नाक काढायला जाऊ नका. कपाळ आणि गालावर उजेडाचा एक ठिपका, खाली हनुवटीची सावली, बस. माणूस ओळखू येतो तो बसण्यावरून: एक गुडघा वर घेतलेला, कोपर त्यावर टेकलेलं, मान थोडी पुढं, डोक्यावर टोपी, धोतराचा पांढरा त्रिकोण. हा बाह्याकार कागदावर पंचवीस-तीस वेळा काढा, भिंतीच्याच मापात, नऊ इंचांचा. हात बसला की कागदाला सुईनं रेषेवर भोकं पाडा, भिंतीवर धरा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर अलगद आपटा. रांगोळीसाठी वर्तमानपत्राला उदबत्तीनं भोकं पाडतात, तीच युक्ती. ठिपके उमटले की फुंकर मारा आणि एका बैठकीत रंगवा. पसंत नाही पडलं तर ओट्याच्या रंगानं झाकून उद्या पुन्हा. इमल्शनची ही सोय मोठी आहे.

वेळ किती लागेल? नोकरी सांभाळून करणार असाल तर भिंतीच्या तयारीला एक शनिवार-रविवार, आखणीला एक, आणि रंगायला तीन धरा. एका दमात चार तासांपेक्षा जास्त रंगवू नका; थकलेला डोळा सगळीकडे सारखंच बारीक काम करायला लागतो. थांबायचं कधी हे कळत नसेल तर दोन दिवस चित्राकडे पाठ करून बसा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारातून आत येताना बघा. तेव्हा जे खटकेल तेवढंच दुरुस्त करा.

वरून वॉर्निश हॉलमध्ये गरजेचं नाही. सोफ्यावर डोकं टेकून चित्राची खालची कड मळेल असं वाटत असेल तर पंधरा दिवस वाळू द्या आणि मग पाण्यातलं मॅट वॉर्निश लावा. आधी पुठ्ठ्यावर लावून गडद हिरवा पांढुरका होत नाही ना ते बघा.

उरलेले रंग फेकू नका. घट्ट झाकणाच्या लहान बरण्यांत भरा आणि रंगाच्या नावाऐवजी जागेचं नाव लिहा: ‘छप्पर, माथ्याकडचं’, ‘अंगण, सावलीतलं’, ‘दरवाजा’. चित्र पूर्ण झाल्यावर आजी रोज बघतील आणि महिन्याभरानं कधीतरी सांगतील की विहिरीचा रहाट राहिला, किंवा जास्वंद अलीकडे नव्हती, पलीकडे होती. तेव्हा बरण्या हाताशी असू देत.